जखमेचे इनाम

मराठवाड्यातील जत्रेत, मग ती आमच्या सेनगाव तालुक्यातली असो की अन्यत्र, कुस्तीचे इनाम कशासाठी असते हे लहान मुलालाही ठाऊक असते. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की कुस्ती चितपट. मग फेटा, नारळ आणि रोख रक्कम. त्या झटापटीत एखाद्याचा खांदा निखळला, तर सारा आखाडा हळहळतो. इनाम पाठ टेकवण्याचे असते, खांदा निखळवण्याचे नव्हे.

हाच भेद अमेरिकेतील एका व्यावसायिक फुटबॉल संघाने पुसून टाकला. हा फुटबॉल आपल्याकडील खेळाहून निराळा. लांबट चेंडू हाती घेऊन धावणाऱ्याला अंगावर झेपावून पाडणे हे त्यात नियमाला धरूनच असते. न्यू ऑर्लिन्सच्या 'सेंट्स' संघात २००९ ते २०११ या हंगामांत बचावफळीने एक गुप्त निधी चालवल्याचे लीगच्या चौकशीत मार्च २०१२ मध्ये उघड झाले. प्रतिस्पर्ध्याला उचलून न्यावे लागले तर एक हजार डॉलर. तो पुन्हा मैदानात उतरू शकला नाही तर दीड हजार. मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांना पूर्ण हंगामासाठी दूर ठेवण्यात आले, संघाला पाच लाख डॉलर दंड झाला आणि बचावफळीचे प्रशिक्षक ग्रेग विल्यम्स यांनी जाहीर माफी मागितली. १ नोव्हेंबर १९६६ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, या शहराला संघ मिळाला होता. संतांचे नाव मिरवणाऱ्या संघात हे घडावे!

खेळाडूंचा बचाव मात्र विचारात घेण्याजोगा आहे. आम्ही नियमांत राहून जोरकस खेळलो. बक्षीस चांगल्या खेळाचे होते, असे त्यांचे म्हणणे. चार खेळाडूंवरील निलंबन डिसेंबर २०१२ मध्ये रद्दही झाले. मग प्रश्न उरतो: धडक नियमात बसत असेल, तर केवळ इनामामुळे ती पाप कशी ठरते?

संत थॉमस अक्वायनस यांनी आत्मसंरक्षणाचा विचार करताना दाखवून दिले आहे की, एका कृतीचे दोन परिणाम संभवतात. एक हेतूतला, दुसरा हेतूबाहेरचा. कृतीचे नैतिक स्वरूप हेतूवरून ठरते. मैदानात उतरणारा खेळाडू इजेचा धोका पत्करतो. इजेचे लक्ष्य होण्यास संमती देत नाही. इनाम जाहीर होताच हेतूबाहेरचा परिणाम हेतूच्या जागी येऊन बसतो. धडक तीच, पण समोरचा माणूस आता प्रतिस्पर्धी राहत नाही. त्याच्या गुडघ्याला किंमत चिकटते. ज्यांनी यहुदाला चांदीची तीस नाणी मोजली, त्यांनाही तो पैसा रक्ताचा म्हणून मंदिराच्या खजिन्यात ठेवता आला नाही. देणाऱ्यालाच जो पैसा लपवावासा वाटतो, त्याचा न्याय देणाऱ्याच्या मनाने आधीच केलेला असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांचे किमान वार्षिक वेतनच लाखांच्या घरात होते, त्या खेळाडूंना हजार डॉलरचे काय अप्रूप? ते पैसे नव्हते, ते पदक होते. साथीदारांच्या देखत मिळणारी शाबासकी होती. म्हणून या दोषाचे मूळ केवळ लोभात शोधून चालणार नाही. ते समूहाच्या कौतुकात आहे.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. सरदारांच्या जीवघेण्या शस्त्रस्पर्धांचा ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने निषेध केला. तेथे मरणाऱ्यास पापक्षमा नाकारली नाही, पण ख्रिस्ती दफनविधी नाकारला. तरीही त्या स्पर्धा थांबल्या नाहीत. १३१६ मध्ये पोप बाविसावे जॉन यांना बंदी उठवावी लागली. प्रेक्षक टाळ्या वाजवत असताना निव्वळ बंदी किती तोकडी पडते, ते यातून उमगते.

म्हणूनच हा प्रश्न दूरच्या शहरापुरता राहत नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय मुरगळला आणि आपल्या बाजूने आरोळी उठली, तर तेही इनामच, फक्त बिनपैशाचे. मुले ते चटकन ओळखतात. कशाला टाळी मिळते आणि कशाला मिळत नाही, यावरूनच ती नीती शिकतात. हरलेल्याला हात देऊन उठवणाऱ्या मल्लाला आपण फेट्याइतकाच मान दिला, तर आखाड्याच्या कडेला बसलेल्या मुलांना धर्मशिक्षणाचा एक धडा तेथेच मिळेल.