जाळी, किरण आणि भाव

अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीत 1572-73 च्या सुमारास पाषाणात कोरलेली, एकमेकींत गुंतलेल्या फांद्यांच्या वृक्षाची जाळी आज एमडीएफच्या तक्त्यावर लेसरने कापून दिवाणखान्याच्या भिंतीवर चढते, तेव्हा शिल्पाचे पावित्र्य आकृतीत असते की ती घडविणाऱ्या हाताच्या तपश्चर्येत, हा प्रश्न टाळता येत नाही.

यंत्राच्या बाजूने इतके कबूल केले पाहिजे की त्याचाही एक दंडक आहे. चित्रातील जो भाग चौकटीशी कोठेच जोडलेला नाही तो किरण फिरताच गळून पडतो. म्हणून पानापानाला बारीक दुवा ठेवण्याची तजवीज आराखड्यातच करावी लागते, आणि पाषाणाची जाळी कोरणाऱ्यालाही हीच चिंता वाहावी लागे. भेद आहे तो जोखमीचा. छिन्नीचा चुकलेला घाव परत घेता येत नाही. करपलेल्या तपकिरी कडांचा बिघडलेला तक्ता मात्र बाजूला सारून त्याच आराखड्याबरहुकूम दुसरा कापता येतो.

तरीही नकलेला सरसकट कमअस्सल ठरविणे आपल्या परंपरेला शोभणार नाही. साच्यातून निघालेल्या गणेशमूर्तीचीही प्राणप्रतिष्ठा होते आणि साच्याबद्दल कोणी हरकत घेत नाही, कारण देवत्वाचे अधिष्ठान भक्ताच्या भावात मानले आहे. कलेचा न्याय मात्र निराळा आहे: ती भावाबरोबर श्रमाचाही हिशेब मागते. तेव्हा देवघराच्या दारात यंत्राने कापलेली जाळी खुशाल बसवावी; तिने पूजेत उणेपणा येत नाही. फक्त मूळ रेषा ज्याने पाषाणाशी झुंजून मिळविली, त्याच्या साधनेचे श्रेय यंत्राच्या किंवा आपल्या खाती जमा करू नये.