पहिल्या वारीचे गाठोडे



ज्येष्ठ लागला की एक प्रश्न हमखास येतो. “महाराज, यंदा पहिल्यांदाच पायी निघतोय. संगती काय काय घेऊ?” विचारणाऱ्याला गाठोड्याची यादी हवी असते. ती लहान आहे, म्हणून आधी सांगून टाकतो.

गळ्यात माळ, हातात टाळ, हरिपाठाची पोथी. दोन जोड कपडे, वळकटी, पावसाला प्लास्टिकचा कागद, ताटवाटी, तांब्या. रक्तदाबाच्या वा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर वीस दिवस पुरतील इतक्या घ्या, आणि त्या वळकटीबरोबर ट्रकमध्ये न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवा. दिंडीची भिशी वेळेवर भरा. विणेकऱ्यांना नाव-गाव सांगून ठेवा, म्हणजे चुकामूक झाली तर कुणी शोधील तरी. चपला मात्र नव्या नकोत! पायाला सवयीच्या हव्यात, आणि महिनाभर आधीपासून रोज पहाटे दोन कोस चालायला लागा. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यात पुणे ते सासवड ही मजल सर्वांत लांबची, तीस किलोमीटरांच्या वर, मध्ये दिवेघाट. आणि ती बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीला येते, म्हणजे पोटात उपास. तिथे पाय बोलू लागतात.

झाली यादी. आता जे कुणी विचारीत नाही ते.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला हलते. त्याच सुमारास मृगाचा पाऊस पडलेला असतो, रानाला वाफसा आलेला असतो. आपण वारकरी बहुतेक कुणबी. तेव्हा बाबा रे, तू टाळ घेतलास तर पाभर कोण धरणार? म्हातारीला दवाखान्यात कोण नेणार? पोराच्या शाळेची फी कुणापाशी ठेवलीस? “देव बघून घेईल” असे म्हणणे सोपे आहे. बघते बिचारी घरधनीण.

पुंडलिकाची कथा तुम्हाला मी काय सांगावी! देव दाराशी आला तेव्हा त्याच्या हातात आईबापांचे पाय होते. ते त्याने सोडले नाहीत, देवाकडे वीट सरकवली. त्याच विटेपुढे उभे राहायला आपण निघतो, आणि निघताना घरात कुणाचा तरी हात सोडून येतो. अरणचे सावतोबा तर मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत, देवच मळ्यात आला, असे आपण कीर्तनात रंगवून सांगतो. सांगणाऱ्यांत मीही आहे, म्हणून माझीच गोष्ट ऐका.

पहिल्या वारीला मी थोरल्या भावाशी भांडून निघालो. बैल कुणाचे, बी कुणी आणायचे, एवढ्यावरून बोलणे वाढले. रात्री वळकटी बांधली आणि पहाटे न सांगता वाट धरली. पायात कोऱ्या चपला! दिवेघाटाच्या निम्म्यात दोन्ही टाचा सोलल्या, बसलो कठड्यावर. डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी थांबली. जुने धडके फाडून तिने पाय बांधले. बांधता बांधता सहज विचारले, “बाळा, पेरणी झाली का रं?”

मला उत्तर देता येईना. ती काही बोलली नाही. तुळस उचलली आणि चालू लागली.

सासवडला मुक्काम दोन रात्रींचा. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन कार्ड घेतले. “दादा, चुकलो. बैल तुझेच. बी उसने घे, मी आल्यावर फेडतो.” एवढेच लिहिले, पण ते लिहायला दिवेघाटापेक्षा अवघड गेले. पुढे नीरेच्या स्नानाला, चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात, वाखरीला, मन सारखे त्या कार्डापाशी. पोचले असेल का? पांडुरंगापुढे उभा राहिलो तेव्हा मागितले तेही तेवढेच.

परत गावी आलो तर बाजरी वीतभर वर आली होती. दादा बांधावर खुरपे घेऊन बसला होता. मी पुडीतला बुक्का काढला. त्याने मान वर केली नाही, पण टोपी काढून कपाळ पुढे केले. बुक्का लावून झाल्यावर म्हणाला, “म्होरल्या साली मी जातो. पेरणी तू कर.”

पुढच्या ज्येष्ठात मी पाभर धरली. माझी जुनी चप्पल घालून दादा आळंदीला गेला.