जुनी चाल, नवे दुःख

‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’ हा ‘द फ्लाइंग बरीटो ब्रदर्स’ या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम. नावाचा अर्थ ‘सोन्याचा मुलामा दिलेला पापाचा महाल’. १९६८च्या अखेरीस हॉलिवूडमधील ए अँड एम स्टुडिओत त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि फेब्रुवारी १९६९मध्ये त्याच नावाच्या कंपनीने तो बाजारात आणला. अल्बममध्ये अकरा गाणी आहेत. ग्रॅम पार्सन्स आणि ख्रिस हिलमन हे मुख्य गायक व गीतकार; ख्रिस एथ्रिज बास गिटार आणि पियानो वाजवत असे, तर ‘स्नीकी’ पीट क्लाइनो पेडल स्टील गिटार. ठरलेला ड्रमवादक नसल्यामुळे निरनिराळ्या गाण्यांना निरनिराळ्या वादकांनी साथ केली. विक्रीत हा अल्बम सपशेल पडला. तरीही कंट्री रॉकचा पाया घालणाऱ्या मोजक्या ध्वनिमुद्रणांत आज त्याची गणना होते.

हा पाया कोणत्या जमिनीत घातला गेला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या आणि काळ्या कष्टकऱ्यांची गाणी पिढ्यानपिढ्या शेजारी नांदली, एकमेकांकडून चाली आणि वाद्ये घेत वाढली. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी मात्र त्यांच्या दोन वेगळ्या मालिका केल्या. काळ्या गायकांची गाणी ‘रेस’ या नावाने विकली जाऊ लागली आणि गोऱ्या गायकांची ‘हिलबिली’ या नावाने. पुढे नावे बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ आणि ‘कंट्री’ झाली, पण मधली भिंत तशीच राहिली. १९६०च्या दशकात तिच्या जोडीला दुसरी भिंत उभी राहिली. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे लांब केसांचे तरुण रॉक ऐकत; कंट्री हे त्यांच्या लेखी सनातनी, युद्धसमर्थक वडीलधाऱ्यांचे संगीत होते. कोण काय ऐकतो यावरून तो कोणाच्या बाजूचा हे ठरवले जाई.

पार्सन्सचा जन्म १९४६ साली फ्लोरिडात झाला आणि तो जॉर्जियातील वेक्रॉस गावी वाढला. आईचे घराणे लिंबूवर्गीय फळांच्या बागांवर गबर झालेले होते. हिलमन कॅलिफोर्नियाचा, कंट्रीच्या कुळातल्या ब्लूग्रास परंपरेतला मँडोलिनवादक म्हणून त्याची सुरुवात झाली आणि ‘द बर्ड्स’ या गाजलेल्या रॉक बँडचा तो संस्थापक सदस्य होता. १९६८च्या आरंभी पार्सन्सही ‘बर्ड्स’मध्ये आला. त्याच्या आग्रहातून त्या वर्षीचा ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ हा कंट्री अल्बम घडला. मार्चमध्ये हा बँड नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या मानाच्या मंचावर गायला, तेव्हा तिथल्या श्रोत्यांनी या केसाळ पाहुण्यांना आपले मानले नाही. उन्हाळ्यात वर्णद्वेषी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेचा दौरा ठरला. त्याला आपला विरोध आहे असे सांगून पार्सन्स बँडमधून बाहेर पडला. काही महिन्यांनी हिलमननेही ‘बर्ड्स’ सोडला. लॉस एंजेलिसच्या रसीडा भागात एका घरात दोघे एकत्र राहू लागले आणि तिथे नव्या अल्बमची बरीच गाणी लिहिली गेली.

अल्बमचा नाद प्रथम ओळखू येतो तो क्लाइनोच्या पेडल स्टीलवरून. हे वाद्य हवायन गिटारच्या कुळातले. व्हॅन शिपले यांच्या हवायन गिटारवरील हिंदी चित्रपटगीतांच्या धून ज्यांनी रेडिओवर ऐकल्या आहेत, त्यांना या स्वरातली ओढ परकी वाटणार नाही. पेडल स्टीलमध्ये तारा चौकटीवर आडव्या ताणलेल्या असतात. वादक डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतो, उजव्या हाताने तारा छेडतो आणि पायाखालच्या पेडलने निवडक तारांचा ताण बदलतो. त्यामुळे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन स्वरांपैकी दोन जागच्या जागी राहतात आणि तिसरा मींड घेत वर चढतो. कंट्री गाण्यातले रडू बहुतेक वेळा या तिसऱ्या स्वरात असते. क्लाइनोने हे वाद्य फझ नावाच्या, स्वर फाटका आणि खरखरीत करणाऱ्या यंत्रातून वाजवले. रॉक बँडमध्ये मुख्य इलेक्ट्रिक गिटारचे जे काम असते ते इथे पेडल स्टील करते. दोन संगीतांचा सांधा असा एकाच वाद्यात जुळून आला.

गाण्यांमध्ये ‘सिन सिटी’ सर्वांत महत्त्वाचे. कंट्री संगीतात पापाचा आणि ईश्वरी कोपाचा इशारा देणाऱ्या गाण्यांची जुनी परंपरा आहे. लुव्हिन ब्रदर्ससारख्या जोड्या अशी गाणी दोन आवाजांच्या घट्ट सुरावटीत गात. पार्सन्स आणि हिलमन यांनी तीच संथ चाल आणि तीच जोडगायकी घेतली, आणि इशारा दिला तो स्वतःच्या काळातल्या लॉस एंजेलिसला. पैशाची हाव, महागड्या दारांआड बसलेले व्यवहारी लोक आणि कॅलिफोर्नियाच्या डोक्यावर सतत टांगलेली भूकंपाची धास्ती या गाण्यात एकत्र येतात. जून १९६८मध्ये याच शहरात अमेरिकी नेते रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली होती. त्या घटनेची सावलीही गाण्यावर असल्याचे मानले जाते. ‘माय अंकल’ हे गाणे सक्तीच्या लष्करभरतीची नोटीस आलेल्या तरुणाचे आहे. तो कॅनडाची वाट धरण्याच्या विचारात आहे. त्याला साथ मात्र ब्लूग्रास पद्धतीच्या मँडोलिनची, म्हणजे ज्या घरांतून मुले सैन्यात जात त्या घरांच्या ओसरीवरच्या संगीताची. ‘हिप्पी बॉय’ हे शेवटचे पद गद्य निवेदनाच्या घाटाचे असून त्यात कंट्रीतल्या जुन्या बोधकथेच्या साच्यात एका हिप्पी मुलाची कथा सांगितली आहे.

अल्बममधील दोनच गाणी बाहेरच्या गीतकारांची आहेत आणि ती निवड विचारपूर्वक केलेली आहे. ‘डू राइट वुमन’ अरीथा फ्रँकलिनने आणि ‘डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ जेम्स कारने १९६७ साली लोकप्रिय केले होते. दोघेही सोल या, रिदम अँड ब्लूजमधून निघालेल्या शैलीचे काळे गायक. दोन्ही गाणी लिहिली होती डॅन पेन आणि चिप्स मोमन या दक्षिणेतल्या गोऱ्या जोडीने. चोरटे प्रेम, त्यातली अपराधी भावना, पकडले जाण्याची भीती हे सोलचे विषय कंट्रीचेही आहेत. पार्सन्सने ती गाणी पेडल स्टीलच्या साथीने गायली, तेव्हा कंपन्यांनी उभी केलेली पहिली भिंत किती कृत्रिम होती हे कानांनाच कळले. पार्सन्स आणि एथ्रिज यांच्या ‘हॉट बरीटो नंबर १’मध्ये तर कंट्री आणि सोल वेगळे काढताच येत नाहीत. त्यात प्रेयसी दुरावलेल्या माणसाचा आवाज जागोजागी कापतो, आणि तो कंप झाकण्याचा कोणताही प्रयत्न पार्सन्सने केलेला नाही.

जुन्या घाटात नवा आशय ओतण्याचा हा विचार मुखपृष्ठावर कपड्यांतून मांडलेला आहे. वाळवंटात उभे असलेले चौघे नूडी कोन यांच्या नॉर्थ हॉलिवूडमधल्या दुकानातले सूट घालून आहेत. कंट्रीचे नामवंत गायक याच दुकानातून भरतकाम केलेले, चमकत्या खड्यांचे पोशाख शिवून घेत. पार्सन्सच्या पांढऱ्या सुटावर कारागीर मॅन्युएल क्वेव्हास यांनी नेहमीचे गुलाब आणि गाडीची चाके यांऐवजी गांजाची पाने, अफूची फुले, गोळ्या आणि विवस्त्र स्त्रिया भरल्या. पाठीवर मोठा क्रूस होता. मोह पुढे आणि मुक्तीचे चिन्ह पाठीशी, असा तो पोशाख होता. शिवण जुन्या कारागिरीची, नक्षी नव्या पिढीच्या जगण्यातली. अल्बममधील गाणीही याच रीतीने रचलेली आहेत.

बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत हा अल्बम १६४व्या क्रमांकापलीकडे गेला नाही. कंट्री रेडिओला तो हिप्पींचा वाटला आणि रॉकच्या श्रोत्यांना तो खेडवळ वाटला. १९७०च्या दुसऱ्या अल्बमनंतर पार्सन्स बँडबाहेर गेला. १९ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, दारू आणि मॉर्फीनच्या अतिसेवनाने जोशुआ ट्री येथे त्याचा मृत्यू झाला.

बीज मात्र रुजले होते. दुसऱ्या अल्बमच्या वेळी बँडमध्ये आलेला बर्नी लेडन पुढे ‘ईगल्स’चा संस्थापक सदस्य झाला आणि १९७०च्या दशकात त्या बँडने कंट्री रॉकला अफाट श्रोतृवर्ग मिळवून दिला. गायिका एमिलू हॅरिसने १९७५च्या ‘एलिट हॉटेल’मध्ये ‘सिन सिटी’ आणि ‘व्हील्स’ ही गाणी गाऊन कंट्रीच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचवली. इंग्लंडच्या एल्व्हिस कॉस्टेलोने १९८१मध्ये ‘हॉट बरीटो नंबर १’ नव्या नावाने गायले.

कंट्रीची नक्कल करणे किंवा त्याची टर उडवणे त्या काळच्या रॉक वादकांना सहज जमले असते. या अल्बमने तसे केले नाही. परंपरेचा घाट त्याने मनापासून स्वीकारला, त्यातल्या पाप, पश्चात्ताप आणि घराची ओढ या भावना खऱ्या मानल्या, आणि त्यांत युद्ध, हत्या आणि शहरी एकाकीपण या आपल्या काळाच्या व्यथा ओतल्या. जुनी चाल नवे दुःख पेलू शकते, मात्र त्यासाठी गाणाऱ्याचा तिच्यावर विश्वास असावा लागतो. ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’मध्ये तो विश्वास पहिल्या गाण्यापासून शेवटच्या निवेदनापर्यंत ऐकू येतो.