हनुवटीखालची दोन बोटे

गेल्या कार्तिकात नागपूरला महालात एका भाविकाच्या घरी आमचे कीर्तन झाले. आरती होऊन मंडळी पांगली, पण एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी तोंडाशी ओढणी धरून मागे थांबली. तिचा खालचा जबडा जरा पुढे आलेला. म्हणाली, "महाराज, दोन स्थळं यामुळेच फिरली. डॉक्टर म्हणतात, हाड कापून मागे बसवता येतं. करू का?"

आम्ही सवयीने बोलून गेलो, "माउली, देह नाशिवंत. रूपाचा एवढा सोस कशाला?"

ती शांतपणे म्हणाली, "हे बघायला आलेल्यांना कुणी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं."

आम्ही निरुत्तर झालो. चार वर्षांपूर्वी आम्ही कवळी बसविली. शब्द स्पष्ट उमटावेत हा हेतू होता. पण चारचौघांत बोळके तोंड दिसू नये, हाही होताच. तेव्हा देहाचे नाशिवंतपण कुठे आठवले होते? मग तिनेच काय पाप केले?

भागवताच्या दशमस्कंधात, बेचाळिसाव्या अध्यायात कुब्जा भेटते. तीन ठिकाणी वाकलेली, कंसाची गंध देणारी दासी. भगवंतांनी तिच्या पावलांवर पाऊल दाबले, हनुवटीखाली दोन बोटे घातली आणि तिला सरळ केले. म्हणजे वाकडे सरळ करणे देवाला वर्ज्य नाही. पण क्रम पाहा. गंध आधी घेतले, सरळ मागाहून केले. वाकड्या देहाने दिलेली सेवा देवाला जशीच्या तशी चालली. सरळपणा हा प्रसाद होता, पात्रतेची अट नव्हती.

आता देवाच्या दोन बोटांनी जे झाले, ते वैद्याला करवतीने करावे लागते. खालचा जबडा दोन्हीकडे उभा दुभागून सरकविण्याची रीत हुगो ओब्वेगेझर या शल्यविशारदाने १९५७ साली जगापुढे मांडली. नागपुरातही १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. या शस्त्रक्रियेआधी बहुधा वर्षभर किंवा जास्त दातांना तारा बांधतात. हाड पट्ट्या व स्क्रूंनी जखडतात. खालच्या ओठाला बधिरपणा येतो. पुष्कळांचा काही महिन्यांत जातो, काहींचा थोडाबहुत कायम राहतो. कवळी रात्री काढून वाटीत ठेवता येते, हे तसे नव्हे.

घास नीट चावत नसेल, बोलण्यास अडत असेल, तर तो औषधोपचारच झाला. तिथे संकोच नको. केवळ रूपासाठी असेल, तर एकच प्रश्न स्वतःला विचारावा: उद्या कोणी बघायला येणारच नसेल, तरीही मला हे हवे आहे का? उत्तर 'हो' आले, तर खुशाल करावे. तो विकार नव्हे. उत्तर 'नाही' आले, तर वाकडेपण जबड्यात नाही, पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, आणि तिथे वैद्याची करवत पोचत नाही.

हाच निरोप आम्ही त्या मुलीला पाठविला आणि आमच्या पहिल्या बोलण्याची क्षमाही मागितली. निर्णय तिचा. विचार मात्र तारा बांधण्याआधीच पुरा करावा.

पण वाचकहो, अर्धा प्रश्न आपला आहे. वारीत आपण समोरच्याच्या पाया पडतो, तेव्हा त्याचे तोंड कसे आहे ते पाहत नाही. घरी येऊन मुलासाठी मुलगी बघायला निघालो, की तीच नजर कुठे जाते?