निनावी लेखणी

चार्ल्स डार्विन या निसर्गशास्त्रज्ञाने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे १५,००० पत्रे आज अभ्यासकांच्या हाती आहेत. १९७४ साली आरंभलेले त्यांचे संपादन तीस खंडांत पुरे व्हायला जवळजवळ अर्धे शतक लागले. डाऊन या गावातील आपल्या घरातून हा प्रकृतीने नाजूक गृहस्थ कबुतरे पाळणाऱ्यांना, माळ्यांना, परदेशांतील अधिकाऱ्यांना प्रश्न विचारीत राहिला. या प्रचंड पत्रसंभारात एक लहानसे पुडके आम्हांस विशेष अस्वस्थ करते. त्यातील दुसरा पत्रलेखक आपल्यापैकी, म्हणजे कॅथलिक होता.

त्याचे नाव सेंट जॉर्ज मायव्हर्ट. ('सेंट' हा त्याच्या नावाचाच भाग; संतपदाशी त्याचा संबंध नाही, हे पुढील हकिकतीवरून कळेलच.) १८४४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि त्यामुळे ऑक्सफर्डचे दार त्याला बंद झाले. तो वकील झाला. मग कायदा सोडून प्राणिशास्त्राकडे वळला. डार्विनचा कडवा पुरस्कर्ता टॉमस हक्सली याच्या व्याख्यानांना तो जाऊ लागला आणि त्याच्या स्नेहात आला.

१८७१ साली त्याने एक ग्रंथ लिहिला. सजीवांची उत्क्रांती झाली, हे त्याला मान्य होते. पण केवळ नैसर्गिक निवडीने सारे उलगडते, हे मान्य नव्हते. मानवाचा देह उत्क्रांत झाला असेल, आत्मा मात्र परमेश्वर थेट निर्माण करतो, असे त्याचे म्हणणे होते. आपण ज्याला लेपा म्हणतो त्यासारख्या चपट्या माशाचा एक डोळा वाढीच्या काळात दुसऱ्या बाजूस सरकतो. तो थोडासाच सरकला असताना माशाला त्याचा काय उपयोग, असे त्याचे प्रश्न होते. ते पोरकट नव्हते. डार्विनने १८७२ च्या आवृत्तीत अशा आक्षेपांना उत्तर देण्यासाठी एक नवे प्रकरणच घातले. (हक्सलीने तर मायव्हर्टला खोडून काढण्यासाठी सुआरेझ या येशूसंघीय पंडिताचे लॅटिन ग्रंथ उघडले. नास्तिकांच्या गोटातला मानला जाणारा माणूस धर्मशास्त्राची पाने उलटतो आहे, हे दृश्य आम्हांस मोठे गमतीचे वाटते.)

इथवर सारे मतभेदाच्या मर्यादेत होते. दुखणे निराळेच होते. पत्रांत मायव्हर्ट आदराने, जवळजवळ आर्जवाने लिही. छापील लेखात मात्र तो आपली वाक्ये सोयीप्रमाणे तोडून उपहास करतो, अशी डार्विनची तक्रार होती. १८७१ च्या जुलैत 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये डार्विनच्या मानववंशावरील ग्रंथाचे कठोर परीक्षण आले. त्याखाली नाव नव्हते. लेखक मायव्हर्टच होता. परीक्षणाखाली सही न करण्याची त्या नियतकालिकाची रीतच होती, हे सांगितले पाहिजे. पण रीत आहे म्हणून आड लपून दगड मारावा काय?

१८७४ च्या जुलैत त्याच पानांत आणखी एक निनावी लेख आला. डार्विनचा मुलगा जॉर्ज याने विवाहाच्या कायद्यांवर एक निबंध लिहिला होता. त्यातील विचार आपल्या श्रद्धेला पटण्याजोगे नव्हते, आणि त्यांवर टीका करण्याचा मायव्हर्टला पूर्ण अधिकार होता. त्याने मात्र असे सुचविले, की हा तरुण दुराचाराला उत्तेजन देतो. जॉर्जने तसे लिहिले नव्हते. त्याचा खुलासा ऑक्टोबरच्या अंकात छापला गेला. त्याला जोडलेल्या टिपणात मनापासूनची माफी नव्हती. लेखक कोण हे उघड झाल्यावर मायव्हर्टने हक्सलीजवळ खासगी पत्राने खेद व्यक्त केला. हक्सली विरघळला नाही. १८७५ च्या जानेवारीत डार्विनने यापुढे आपणाशी कोणताही व्यवहार ठेवणार नाही, असे मायव्हर्टला कळविले. सौम्य स्वभावाबद्दल ख्यात असलेल्या डार्विनने अशी पत्रे फारशी लिहिलेली नाहीत.

आठवी आज्ञा आपण बालपणीच पाठ करतो. तिच्या विवरणात चर्च असेही शिकविते, की दुसऱ्याच्या नावाला काळिमा लावणाऱ्याला क्षमा मिळाली, तरी झालेल्या हानीची भरपाई करण्याचे कर्तव्य उरतेच. आणि हानी चारचौघांत झाली असेल तर शक्य तोवर भरपाईही चारचौघांतच व्हावी. मायव्हर्टचा पश्चात्ताप खोटा होता, असे आम्ही म्हणणार नाही. तो चुकीच्या पत्त्यावर गेला. अपमान झाला जॉर्जचा, देशभरच्या वाचकांसमोर. खेद पोहोचला हक्सलीला, बंद पाकिटातून.

आपल्या धर्मग्रामांतही निनावी पत्रे अपरिचित नाहीत. श्रद्धेच्या रक्षणासाठी लिहितो, असे लिहिणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत असते. मायव्हर्टलाही वाटत होते. म्हणूनच त्याची गोष्ट आम्हांस शत्रूची वाटत नाही. आणि डार्विनने क्षमा करायला हवी होती काय? मुलावर आलेला आळ कोणता बाप सहज विसरतो? तरीही ते पत्र वाचताना, एक दार थोडे किलकिले राहिले असते तर, असे मनात येतेच.

पुढे काय झाले? १८७६ साली पोप नववे पायस यांनी मायव्हर्टला तत्त्वज्ञानाची पदवी बहाल केली. नंतर त्याचे विचार चर्चच्या शिकवणीपासून दूर जाऊ लागले. नरकासंबंधीचे त्याचे लेख १८९३ साली निषिद्ध ठरले. १८९७ साली त्याने हक्सलीच्या आठवणी लिहिल्या. त्यांत कटुता नाही. १९०० च्या जानेवारीत कार्डिनल व्हॉन यांनी पाठविलेल्या श्रद्धापत्रकावर सही करण्यास त्याने नकार दिला आणि त्याला संस्कारांपासून वंचित करण्यात आले. हे लेख आणि ही पत्रे मात्र त्याच्या सहीची होती. १ एप्रिल १९०० रोजी तो वारला. कॅथलिक दफनविधी नाकारला गेला. अखेरच्या काळात मधुमेहाने त्याच्या मनाचा तोल ढळला होता, असे आप्तेष्ट सांगत राहिले. व्हॉन यांच्यामागून आलेल्या आर्चबिशपांनी ते ऐकून घेतले, आणि १९०४ च्या जानेवारीत लंडनच्या केन्सल ग्रीन येथील कॅथलिक दफनभूमीत त्याला पुन्हा मूठमाती देण्यात आली.