मालकाची दया आणि सालदाराची दाद

अनसिंगसारख्या वऱ्हाडी गावात सालदाराचे, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते. सालाची रक्कम ठरते, उचल पदरात पडते, आणि पुढील पाडव्यापर्यंत त्या माणसाचा दिवस, पुष्कळदा रात्रही, दुसऱ्याच्या हुकमतीखाली जातो. बोलीत पैसा, धान्य, कपडालत्ता यांचा तपशील असतो. मालकाने हात उगारला किंवा आईबहिणीवरून शिवी हासडली, तर दाद कोठे मागावयाची, याविषयी मात्र चकार शब्द नसतो. विचारावे, तर उत्तर मिळते की मालक देवमाणूस आहे.

असेलही. परंतु ज्याची अब्रू धन्याच्या सौजन्यावर टिकून आहे, त्याला दया लाभली असे म्हणता येईल, न्याय लाभला असे नव्हे. कारण दया धन्याच्या मर्जीने येते आणि त्याच मर्जीने जाते.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडाधोडात वाटा द्यावा आणि वेळेवर सुटी द्यावी. कोणत्याही कचेरीच्या नियमावलीने हेवा करावा अशी ही यादी. तरी ती धन्याच्या विवेकालाच उद्देशून आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती भिक्षुसंघातील प्रवारणा. पावसाळ्यातील वर्षावास संपताना प्रत्येक भिक्षू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, संघापुढे उकिडवा बसून, हात जोडून, आपले दोष दाखवून देण्याची विनंती करतो. ज्यांनी घरदार सोडले त्यांच्याही सद्वृत्तीवर संघ विसंबून राहिला नाही. मग सोयाबीनच्या पडत्या भावाने कावलेला मालक किंवा बढतीसाठी झुरणारा साहेब यांच्या सद्वृत्तीवर आपण का विसंबावे? नियम म्हणजे अविश्वास, असे मानून रुसणाऱ्या सज्जनांनी याचा विचार करावा.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ सालच्या कायद्याने हेच तत्त्व मान्य केले आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागेतील, अथवा खुद्द मालकाविरुद्धची, फिर्याद जिल्ह्याच्या स्थानिक समितीने ऐकावयाची. अनसिंगच्या दुकानात राबणाऱ्या बाईला त्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण असलेले वाशीम गाठणे सोपे नाही, रोजही बुडतो आणि गावात कुजबुजही होते. तरी निदान दार तरी आहे. शिवी खाणाऱ्या सालदाराला तेवढेही नाही.

तेव्हा पुढच्या पाडव्याला सालाची रक्कम लिहिताना मालकांनी तक्रार ऐकणाऱ्या एका तिऱ्हाइताचे नावही लिहावे, आणि ते नाव सालदाराच्या पसंतीचे असावे.