शंकासमाधान : आजोबाच परत आले काय?

शंका : वडिलांच्या अस्थी श्रीरंगपट्टणास पश्चिमवाहिनीत विसर्जित केल्या. वर्षाच्या आत मला मुलगा झाला. बारशाला पुरोहितांनी ‘आजोबाच परत आले’ असे सांगितले. आता तेच म्हणतात की दहाव्याला कावळा शिवला नव्हता, दर्भाचा करावा लागला, सबब त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळी करा. वडील परत आले असतील तर वर्षश्राद्धाचा पिंड कोणाला? परमात्म्यात विलीन झाले असतील तर परत आले कोण?
— एक वाचक, मल्लेश्वरम्, बंगळूर

समाधान : जो जीव पाळण्यात निजला आहे त्यालाच प्रेतयोनीत अडकवून ठेवणे कोणत्याही शास्त्रात बसत नाही, ते केवळ दक्षिणेच्या हिशेबात बसते. कावळा भुकेला असला तर येतो, माणसांची गर्दी पाहिली तर दूर बसतो. त्यावरून मृताच्या वासनेचा निवाडा करून शोकाकुल कुटुंबाकडून तीन दिवसांच्या विधीची रक्कम वसूल करणे याला धर्म म्हणणे मला कदापि कबूल नाही. ज्या घरात दुखवट्याचे कर्ज अजून फिटलेले नसते त्याच घरात हे भय पेरले जाते, याची चीड येते.

आता मूळ शंका. शास्त्रापुरता मी ज्ञानेश्वरीबाहेर जात नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीवाला परमात्म्याचा अंश म्हटले असून लगेच पुढे, वाऱ्याने गंध न्यावा तसा तो देह सोडताना मन व इंद्रिये बरोबर नेतो, असे सांगितले आहे, आणि माउलींनी तेच विशद केले आहे. म्हणजे जातात ते संस्कार. आपल्या वडिलांचे नाव, नाती आणि आठवणी यांनी घडलेली व्यक्ती देहाबरोबर संपली. परमात्म्यात विलीन होणे हे ज्ञानाचे फळ आहे, नुसत्या मरणाचे नव्हे.

शास्त्राबाहेरचे पाहिले तर, बंगळुराच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. सतवंत पसरिचा यांनी मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांच्यासह पूर्वजन्म सांगणाऱ्या मुलांचे अनेक दाखले तपासले. 1974 साली नागपूरच्या एका मराठी अध्यापिकेच्या मुखातून बंगाली बोलू लागलेल्या ‘शारदा’ नावाच्या व्यक्तिमत्त्वाचाही तपास केला. त्यांनी सिद्धतेचा दावा केला नाही. परंतु मुलांच्या दाखल्यांत दिसते की दोन-चार वर्षांचे मूल असे बोलू लागते आणि बहुधा आठाच्या आत सारे विसरते. खरे मानले तरी जुनी व्यक्ती टिकत नाही.

तेव्हा मुलाला आजोबांचे नाव हौसेने ठेवा, पण त्यांचे स्वभाव व अपुऱ्या इच्छा त्याच्यावर लादू नका. श्राद्ध हे पित्याविषयीच्या कृतज्ञतेचे आहे. तो कोठे आहे याच्या खातरजमेवर ते अवलंबून नाही. तिथीला घरीच तिळोदक द्या, आणि नागबळीची रक्कम देऊ नका.